धुराची खूण

मनीष यांचा फोन गुरुवारी संध्याकाळी आला आणि शुक्रवारपासून अण्णांचं जेवण तुटलं. माईने पेजेत भाजलेला जवळा घालून पाहिला, नारळाचं दूध घालून पाहिलं. वाटी जशीच्या तशी परत यायची. रविवारी सकाळी अण्णा दाढीला बसले तेव्हा हनुवटीवर दोनदा कापलं, म्हणून शैलेशने त्यांच्याकडून वस्तरा काढून घेतला आणि स्वतःच दाढी करायला लागला.

वडिलांचा गळा इतक्या जवळून त्याने कधी पाहिला नव्हता. कातडी सैल होती आणि तिच्याखाली कंठमणी सतत वरखाली होत होता.

"गिळू नका अण्णा, लागंल."

"गिळत नाय."

"तो माणूस अकराला येतोय. आता साडेआठ झाले. मला एवढंच सांगा, भीती कसली हाय?"

"तू दाढी कर."

जागृती ओटीच्या कठड्यावर बसून कागद चाळत होती. ती पालघरला शाळेत विज्ञान शिकवायची, आणि आज पहिल्या गाडीने समुद्राकाठी माहेरी, नवापूरला आली होती. अण्णांकडे साधा फोन, म्हणून मनीष यांनी आपलं लिखाण तिच्या फोनवर पाठवलं होतं. अडतीस पानं; ती तिने छापून आणली होती आणि अण्णांनी सकाळीच वाचून काढली होती. अण्णा एकाहत्तरच्या लढाईत ज्या हवाई निरीक्षण तुकडीत होते, तिचा इतिहास. तुकडीतले जुने लोक मिळून तो लिहीत होते आणि शेवटचा हात मनीष फिरवत होते. तुकडीचे कॅप्टन प्रताप हे त्यांचे वडील.

"दादा, यात नीट दिलंय," ती म्हणाली. "तोफा झाडीआड असायच्या. तोफवाल्यांना आपला गोळा कुठं पडतो ते दिसायचं नाही. मग हे छोटं विमान वर जायचं. 'कृषक' नाव त्याचं. बंदूक नाही, बॉम्ब नाही, फक्त वायरलेस. चालवणारा तोफखान्याचा अधिकारी, आणि विमान, वायरलेस सांभाळणारे हवाई दलाचे. वरून बघायचं आणि खाली सांगायचं, दोनशे यार्ड उजवीकडे, चारशे पुढे. चौदा दिवसांत एकशे नव्वद उड्डाणं केली यांनी."

"मग अभिमानाची गोष्ट हाय. त्यात जेवण सोडण्यासारखं काय?"

"सत्ताविसावं पान वाच," अण्णा म्हणाले.

जागृतीने वाचलं. "'तेरा डिसेंबरच्या सकाळी वैमानिकाने खूण ओळखण्यात चूक केल्यामुळे आपल्याच पलटणीच्या जागेवर गोळे पडले. पाच जवान ठार झाले. चौकशीनंतर कॅप्टन प्रताप यांना उड्डाणावरून कमी करण्यात आलं.'"

शैलेशने वस्तरा पाण्यात बुडवला. "यात तुमचं नावच नाय."

"तेच तं."

अण्णांनी अर्ध्या दाढीवरचा साबण टॉवेलने पुसून टाकला. बोलायला लागले तेव्हा ते दोघांकडेही बघत नव्हते. अंगणापुढे वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टाकले होते, तिकडे बघत होते.

"मी मागल्या सीटवर बसायचो, तोंड मागं करून. शत्रूचं विमान येतंय का, एवढंच बघायचं. पुढं साहेब. एका हातात दांडा, मांडीवर नकाशा. खाली सगळं सपाट, डोंगर नाय, काय नाय. नदी नकाशात एकीकडं आणि खाली भलतीकडं. त्यांच्या तोफा एकदा दिसल्या तरी दुसऱ्या दिवशी ती जागा परत सापडायची नाय. मी म्हटलं, साहेब, आमी दर्यात जाळ्याची जागा परत कशी शोधतो? महालक्ष्मीचा सुळका देवळाच्या कळसामागं आणायचा. सुळका कळसामागं बसला, की आपण जागेवर. तशी खूण इथं धरू."

"धरली?"

"धरली. खाली एक पांढरं देऊळ होतं. त्याच्या कळसामागं वीटभट्टीची चिमणी आणायची. चिमणीच्या दोनशे यार्ड पलीकडं झाडीत त्यांच्या तोफा. दोन दिवस बरोबर बसलं. साहेब खूश. म्हणाले, पुंडलिक, तुझा दर्या कामाला आला." ते थांबले. "चिमण्या दोन होत्या. दिसायला सारख्या. त्यांतल्या एकीतूनच धूर यायचा, म्हणून मी तिला धुरावर ओळखायचो."

शैलेश लहानपणी काकाच्या होडीवर चार वर्षं गेला होता. पुढचं वाक्य त्याला आधीच कळलं.

"अण्णा," तो म्हणाला, "धुराची खूण?"

"आजा सांगायचा. धूर, ढग आणि दुसऱ्याची होडी, या तीन खुणा धरायच्या नाय. त्या हलतात. मला पाचव्या वर्षापासून ठावं होतं." अण्णांनी टॉवेलची घडी घातली. "तिसऱ्या दिवशी धुकं होतं. साहेबांनी विचारलं, तुझी चिमणी कुठली? मी मान वळवून बघितलं. एकीतून धूर येत होता. ती सांगितली. पहिलीची भट्टी विझली होती, ते मला काय माहीत? दुसरीपासून पलीकडच्या झाडीपर्यंत आपली पलटण पहाटे येऊन बसली होती. चहा करायला जाळ केला. जाळ दिसू नये म्हणून भट्टीच्या तोंडात केला, तं धूर चिमणीतून वर आला."

माई दारात येऊन उभी राहिली होती.

"चौकशीत मला बोलावलं. साहेबांनी आधीच लिहून दिलं होतं, की खूण त्यांची, मागचा माणूस आकाश बघत होता. मला विचारलं, तू काय बघत होतास? साहेब समोर उभे होते. मी म्हटलं, आकाश."

त्याच वेळी पूर्वेकडून दणका आला. खिडकीची तावदानं खडखडली, मांडणीवरचं एक भांडं पडलं. बोईसरच्या कारखान्यांकडे काहीतरी उडालं की पुन्हा भूकंपाचा धक्का, हे इथे पहिल्या क्षणी कोणालाच सांगता यायचं नाही. सगळे श्वास धरून दुसऱ्या दणक्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. शैलेशने फोन काढून कामावरच्या ग्रुपवर पाहिलं.

"पाम गावात पण जाणवला म्हणतात. धक्काच असंल." त्याने फोन खिशात टाकला, पण हात खिशातच ठेवला. "हे बघा. त्या वेळी जे सांगितलं तेच आज सांगायचं. आकाश बघत होतो. संपलं."

"दादा."

"तू गप. खोटी साक्ष दिलीय यांनी, लष्करात. छापून आलं म्हंजे? माझा अणुवीज प्लांटचा गेटपास दरवर्षी पोलीस तपासणी होऊन येतो. घरात कोणावर काय चौकशी, कॉलम असतो त्यात."

"चोपन्न वर्षांनी कोण कॉलम भरतंय?"

"तुला काय. तुमच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहिला की झालं. गेटवर उभं राहून पास स्कॅन होतो का बघायचं, तवर जीव माझा वरखाली होतो. मशीन लाल झालं तं मागं पन्नास माणसं बघत असतात."

"आणि त्या माणसाचे वडील? त्यांचं मशीन काय लाल झालं नाही?"

"ते मेले."

"शैलेश बरोबर बोलतो," माई दारातून म्हणाली. "आकाश बघत होते. तेच सांगायचं."

जागृती आईकडे बघतच राहिली.

*

स्वयंपाकघरात माईने नारळ फोडला. पाणी तिच्या हातातल्या वाटीत पडण्याऐवजी निम्मं जमिनीवर गेलं. जागृतीने फडकं घेतलं.

"तुला माहीत होतं," जागृती म्हणाली.

"बहात्तरच्या होळीला रजेवर आले होते. लग्नाला दीड वर्ष झालेलं. होळी पेटली आणि हे गायब. शोधत गेले तं किनाऱ्यावर उलट्या होडीखाली. मला म्हणाले, धूर गेला का बघ. तवापासून माहीत हाय. सगळं नाय सांगितलं, पण पुरेसं."

"आणि तू झाकलंस."

"मग काय गावात दवंडी पिटू?" माईने खोबरं खवायला घेतलं. विळीवर तिचा हात नेहमीसारखा चालत होता, बोलणं मात्र तुटत होतं. "दर डिसेंबरला बारा तारखेला मी यांच्या उशाशी बसते. तेरा गेली की मग माझ्या घशाखाली घास उतरतो. चोपन्न वेळा बसले. तो माणूस आज येऊन विचारणार, हे सांगणार, आणि तो गेला की यांचं काय होणार? तू पालघरला जाशील. शैलेश ड्युटीला जाईल. मी एकटी बघणार, श्वास चालू हाय का नाय ते."

जागृती फडकं पिळत राहिली. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. मी नाही बोलणार काही."

म्हणजे आता तिघं एका बाजूला झाली. माईला याचं समाधान वाटायला हवं होतं.

मनीष सव्वाअकराला आले. उंच, पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर पांढरे केस. आवारातल्या जाळ्यांवर पाय पडू नये म्हणून ते वळसा घालून आले आणि चपला बाहेर काढल्या. माईने हे पाहिलं. अण्णा उठायला गेले, शैलेशने खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि तो हात तिथेच राहू दिला.

"तुम्हाला फार त्रास देणार नाही," मनीष म्हणाले. "तुकडीतले तुम्ही एकटेच उरलात, ज्यांनी बाबांबरोबर उड्डाण केलं होतं."

"अण्णांना आता फारसं आठवत नाय," शैलेश म्हणाला. "त्यांचं काम मागं आकाश बघायचं होतं."

"हो, चौकशीच्या कागदात तसंच आहे." मनीष यांनी माईच्या हातून नारळपाण्याचा पेला घेतला, पण प्यायले नाहीत. "मला चौकशीबद्दल विचारायचंच नाही. एक वेगळी गोष्ट आहे. पुस्तकात येणार नाही ती. माझ्यासाठी आहे."

शैलेशचा हात अण्णांच्या खांद्यावर घट्ट झाला.

"त्या वेळी छावणीत कोणीतरी आईला सांगितलं की बाबा आदल्या रात्री पीत बसले होते आणि नशा उतरली नसतानाच विमानात चढले. बाबांनी कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. काही विचारलं तर म्हणायचे, चूक माझी. आईने तेच धरलं. एका घरात दोन खोल्या. मी लहानपणी एकीतून दुसरीत ताट न्यायचो. आई सहा वर्षांपूर्वी गेली, बाबा दोन वर्षांपूर्वी." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुम्ही त्यांच्या मागे हातभर अंतरावर होता. त्या सकाळी बाबा प्यायलेले होते का?"

माईने शैलेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा सैल पडत होता. एवढंच? एवढंच असेल तर खरं उत्तर देता येत होतं आणि काहीच उघडं पडणार नव्हतं.

"नाय," अण्णा म्हणाले. "साहेब त्या सकाळी चहासुद्धा प्यायले नव्हते. लढाई सुरू झाल्यापासून थेंब नाय. मी रोज त्यांचा पट्टा आवळायचो. मला वास आला असता."

"नक्की?"

"देवाशपथ."

मनीष यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. "बस," ते म्हणाले. "एवढ्यासाठी आलो होतो." आणि उठून ते अण्णांच्या पायांशी वाकले.

अण्णांनी पाय मागे ओढले. खुर्चीखाली, जितके जातील तितके. मनीष यांचे हात रिकाम्या फरशीवर टेकले.

माईने हे पाहिलं, आणि तिने चोपन्न वर्षं जे धरून ठेवलं होतं ते तिच्या हातून सुटलं. ती ठरवून बोलली नाही.

"नको बाबा," ती म्हणाली. "आधी ऐकून घे. मग पाया पडायचं का ते ठरव."

"माई!" शैलेश म्हणाला.

"व्हय. मीच सकाळी म्हटलं होतं. आता नाय म्हणत." ती अण्णांकडे वळली. "सांगा त्याला. मी इथंच बसलेय."

*

अण्णांच्या खांद्यावर आता शैलेशचा हात नव्हता. तो कधी निघाला ते त्यांना कळलं नाही.

समोर माणूस गुडघ्यांवर बसला होता. तोंडाचा खालचा भाग हुबेहूब साहेबांचा. गुरुवारी फोनवर आवाज ऐकला तेव्हाच अण्णांना वाटलं होतं, साहेब बोलतात. भीती तिथून सुरू झाली होती. पोलिसांची नाही, लष्कराची नाही. हा चेहरा आपल्याकडे बघेल आणि हळूहळू बदलत जाईल, तो बदल बघायची भीती.

"चूक साहेबांची नव्हती," ते म्हणाले.

आवाज निघाला म्हणून पुढचं बोलता आलं. चिमण्या दोन होत्या. धूर बघून मी चुकीची सांगितली. साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकला. चौकशीत त्यांनी खूण स्वतःची म्हणून लिहिलं, आणि मी आकाश बघत होतो म्हणालो. सगळं मिळून चार-पाच वाक्यं झाली. अण्णांना वाटलं होतं, तासभर लागेल.

मनीष उठून खुर्चीवर बसले. चेहरा बदलत होता. अण्णांनी नजर हटवली नाही, तेवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं.

"बाबांनी का घेतलं अंगावर?"

"उतरल्यावर एकदाच बोलले. पुंडलिक, विमान माझं, तोफा माझ्या, विचारलं मी. तू बावीस वर्षांचा आहेस. मग विषय बंद."

"आणि तुम्ही बंद ठेवलात."

"व्हय."

"आमचा पत्ता होता तुमच्याकडे?"

शैलेश म्हणाला, "आता ते जाऊ द्या ना." पण अण्णांनी मान हलवली.

"होता. साहेब दर दिवाळीला कार्ड टाकायचे. मी उत्तर नाय दिलं कधी. हात उचलायचा नाय."

"सात वर्षांपूर्वी एक पत्र टाकलं असतंत," मनीष म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "एक ओळ. माझ्या आईला टाकली असती तरी चाललं असतं. बाबांना दारुडा समजूनच ती गेली. शेवटच्या आजारात तिने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही."

"टाकायला पायजे होतं."

"पायजे होतं म्हणून काय होतं?"

जागृती भिंतीशी उभी होती, तिने तोंडावर पदर धरला होता. माई अण्णांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली होती, आणि तिचा खांदा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. तो जरासुद्धा हलला नाही.

मनीष उठून ओटीवर गेले. बोंबलांच्या रांगांकडे तोंड करून उभे राहिले. आता ते तसेच चपला घालून निघून जातील, असं सगळ्यांना वाटलं. शैलेशला बहुधा तशी आशाही वाटली असावी. पण ते परत आले, पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढली आणि टीपॉयवर सोडली. जुना नकाशा, एक इंच म्हणजे एक मैल. घड्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या.

"हे छापावं लागेल," ते म्हणाले. "सत्ताविसावं पान बदलून. तुमच्या नावानिशी."

"छापा."

"त्यातून काय निघेल, मला सांगता येत नाही. पुस्तक मुख्यालयात जातं. त्या पाच जणांच्या घरी जातं. त्यांच्यातलं कोणी इथे येईल, फोन करेल. मी थांबवू शकणार नाही. खरं सांगू, थांबवणारही नाही."

अण्णांना पाच दारं दिसली. कोणत्या गावातली ते त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येक दारात कोणीतरी पान सत्तावीस वाचत उभं होतं, आणि ती सगळी माणसं मान वर करून एकाच बाजूला बघत होती. चौकशीच्या तंबूतसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती. तिथे साहेब समोर होते.

"चिमणी कुठली ते दाखवा," मनीष म्हणाले. "दोन्ही. आता लिहायचंच तर जागा चुकायला नको."

समुद्राकडून वारा आला आणि नकाशा एका बाजूने उचलला गेला. मनीष यांनी एक कडा धरली, दुसरी फडफडत राहिली. थोडा वेळ ती कोणीच धरली नाही. मग शैलेश पुढे झाला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. टीपॉयपाशी खाली बसला आणि उडणारा कोपरा तळव्याने दाबून धरला.

अण्णा वाकले. अक्षरं दिसेनात. माईने त्यांच्या खिशातून चष्मा काढून दिला. नदी सापडली, जिथे ती नव्हती तिथेच अजून होती. पूल सापडला. देवळाचं चिन्ह सापडलं. तिथून बोट हळूहळू वर सरकलं आणि एका बारीक ठिपक्यावर थांबलं.

"ही खरी," ते म्हणाले.

मग त्यांनी बोट उचललं आणि शेजारी ठेवलं. मध्ये जेमतेम नखाएवढी जागा होती.

"आणि मी ही सांगितली."